मोजणी कुणाची, वाटणी कुणाची?

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील चर्चासत्रात मी श्रोता म्हणून बसलो होतो. विषय होता 'शाश्वत पृथ्वी आणि आपली जबाबदारी'. व्याख्याते अभ्यासू होते, बोलणे तळमळीचे होते. बोलता बोलता त्यांनी पडद्यावर एक छायाचित्र दाखविले. गावाबाहेर टँकर उभा आहे आणि त्याच्याभोवती बायका-पोरांची झुंबड उडाली आहे. हंडे, कळश्या, प्लास्टिकचे कॅन, एकीच्या डोक्यावर दुसरीचा हात. व्याख्याते म्हणाले, "पाहा, पृथ्वीवर माणसे किती झाली आहेत!" सभागृह हळहळले. मी मात्र त्या छायाचित्राच्या कडेला दिसणाऱ्या समाजमंदिराच्या भिंतीकडे पाहत राहिलो. भिंतीवर निळा झेंडा होता. म्हणजे 'माणसे किती झाली' याचा पुरावा म्हणून जी माणसे दाखविली जात होती, ती आमची होती.

त्या दिवसापासून एक साधा प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. गर्दी कुणाची दिसते? ज्याच्या घरात नळ आहे आणि परसात बोअर आहे, तो टँकरच्या छायाचित्रात कधीच येत नाही. त्याच्या घरात पाच माणसे असोत की पंधरा, ती मोजली जात नाहीत. गर्दी म्हणजे लोकसंख्या नव्हे. गर्दी म्हणजे नळ नसणे. पण आपल्याकडे नळ नसलेल्यांनाच लोकसंख्या म्हणण्याची रीत पडली आहे. पर्यावरणाच्या नव्या विचाराची समीक्षा दलित चळवळीने कुठून सुरू करावी, असे मला कुणी विचारले, तर मी या छायाचित्रापासून असे सांगेन.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'शाश्वत' हा शब्द आपल्या कार्यकर्त्यांनी फार सहज स्वीकारला आहे. जे टिकते, जे पुढच्या पिढ्यांना पुरते, एवढाच अर्थ असेल तर तक्रार नाही. परंतु या देशात शाश्वत म्हणून काय काय मिरविले गेले, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? वर्णव्यवस्था शाश्वत होती. महारकी, येसकरकी शाश्वत होती. पाणवठ्याचा नियम शाश्वत होता. तो मोडण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. बुद्धाने शाश्वतवाद नाकारला आणि उच्छेदवादही नाकारला. आज पर्यावरणाच्या नावाने हेच दोन वाद पुन्हा उभे आहेत. एक म्हणतो, वाढ अखंड चालू राहील, काळजी नको. दुसरा म्हणतो, सर्वनाश अटळ आहे, माणसे कमी करा. दोघांनाही एक गोष्ट बोलायची नसते, आणि ती म्हणजे वाटणी.

लोकसंख्येच्या भयाचा इतिहास जुना आहे. माल्थसने १७९८ मध्ये तो सिद्धान्त मांडला. १९६८ मध्ये पॉल एर्लिक या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोकसंख्येला बॉम्बची उपमा देणारे पुस्तक लिहिले आणि त्याची सुरुवात दिल्लीच्या रस्त्यावरील गर्दीच्या वर्णनाने केली. तेच छायाचित्र, फक्त शब्दांत! स्वतःच्या देशातील मोटारींची गर्दी त्या बॉम्बचा आरंभ ठरली नाही. जगातील सर्वांत श्रीमंत दहा टक्के माणसे हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बनपैकी निम्म्याच्या आसपास वाटा सोडतात, हे आज सर्वमान्य आहे. तरीही भय वाटते ते खालच्या निम्म्यांच्या पाळण्यांचे.

आपल्या राज्यात या भयाने कायद्याचे रूप घेतले. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. पुढे सक्ती गेली, अट आली. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये झालेल्या व्यक्तीस ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांची निवडणूक लढविता येत नाही. आमदार-खासदारांना ही अट नाही. म्हणजे जिथे राखीव जागेमुळे आमची बाई प्रथमच खुर्चीवर बसू शकते, तिथे तिची कूस मोजली जाते. जिथे धोरणे ठरतात, तिथे कुणी काही मोजत नाही. ज्या बाईला मूल कधी व्हावे हे घरात विचारले जात नाही, तिलाच त्या मुलाबद्दल अपात्र ठरविले जाते. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये ही अट रद्द केली, तीही न्यायबुद्धीने नव्हे, तर लोकसंख्या घटते आहे या चिंतेने!

आणि वस्तुस्थिती काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्याच्या पाचव्या पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी २.१ लागतात. याचा अर्थ राज्यातील जननदर कधीच खाली आला. मग पाणी का वर आले नाही? माणसे कमी जन्मली की विहिरी भरतील, असे आपल्याला दोन पिढ्या सांगितले गेले. जन्म कमी झाले. विहिरी कोरड्याच आहेत.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. संततिनियमनाला विरोध करणे ही दलित चळवळीची भूमिका कधीच नव्हती. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी ठराव मांडला. त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तो ठराव फेटाळला गेला. त्या मांडणीचा पाया पाहण्यासारखा आहे. स्त्रीचे आरोग्य, तिची इच्छा आणि कुटुंबाचे दारिद्र्य यांवर ती उभी होती. तिथे बाई हा प्रश्न नव्हता, बाईला प्रश्न होता. त्याच्याही वीस वर्षे आधी, १९१८ मध्ये, भारतातील लहान धारण-क्षेत्रांवर लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, दोष जमिनीच्या तुकड्याच्या आकारात नाही. भांडवल आणि अवजारे नाहीत, आणि शेतीवर रिकाम्या हातांचा भार पडला आहे, हा दोष आहे. त्या हातांना उद्योग द्या, हा त्यांचा उपाय होता. हात कमी करा, असे त्यांनी म्हटले नाही. माणसांची संख्या आणि माणसांचे निरुपयोगी ठेवले जाणे यांतला फरक त्या तरुण अर्थशास्त्रज्ञाला स्पष्ट दिसत होता. आपल्या चर्चासत्रांना तो आजही दिसत नाही.

हे सारे मला पुस्तकातून नव्हे, पालीच्या बांधावर उमगले. पाली हे माझे आजोळ. बीडहून सोलापूरकडे निघाले की मांजरसुंब्याचा घाट लागण्यापूर्वी हे गाव येते. बालाघाटाच्या डोंगरातून येणारी बिंदुसरा येथे अडविली आहे. धरणाचे पाणी बीड शहराला जाते, कालव्याने शेताला जाते. बीडकडे थोडे मागे गेले की निजामशाहीच्या काळात जहागीरदार सलाबतखानाने बांधविलेली खजाना विहीर आहे. तिचे पाणी भुयारी पाटांतून, कोणत्याही यंत्राशिवाय, उताराने शेतात जाते. दुष्काळातही ती आटत नाही अशी तिची ख्याती आहे. जहागीरदाराचे नाव राहिले. खोदणाऱ्या हातांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. टिकाऊ पाण्याची विद्या या मातीला नवी नाही. ते पाणी कुणाच्या रानात उतरते, हा प्रश्नही नवा नाही.

एका एप्रिलमध्ये मी धरणाच्या भिंतीवर उभा होतो. खाली तळाशी चिखलाचे डबके उरले होते. नात्यातली एक मावशी शेळ्या घेऊन आली. नुकताच पट्टा पडला होता, कारखान्यावरून टोळी परत आली होती. मी सहज म्हणालो, "मावशी, यंदा पाणी लईच खाली गेलं." ती म्हणाली, "गुरुजी, पानी खाली न्हाई गेलं. पानी उसात गेलं. तेच तोडून आलो की आमी सहा म्हैने."

यापेक्षा नेमके जलविज्ञान मी कुठल्याही अहवालात वाचलेले नाही. महाराष्ट्रातील पिकाखालच्या क्षेत्रात ऊस चार टक्क्यांच्या आसपास आहे, पण सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा तोच पितो. तुटीच्या भागात नवे साखर कारखाने नकोत, असे चितळे आयोगाने १९९९ मध्येच बजावले होते. पण कारखाना ही आपल्याकडे केवळ साखर काढण्याची जागा नाही, ती आमदार काढण्याची जागा आहे. म्हणून मराठवाड्यात ऊसही वाढला, कारखानेही वाढले. आणि कोरडवाहू बीड दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या फडांत पाठविते. त्यांत वंजारी आहेत, मराठा आहेत, आणि गावात एक गुंठाही नसलेले महार-मांग-चांभार फार मोठ्या प्रमाणावर आहेत.

या धंद्यात माणूस हे परिमाण नाही. परिमाण आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, एकट्याला नाही. म्हणून पोरीचे लग्न लवकर उरकले जाते. कारखान्याच्या फाटकाशी लागणाऱ्या लग्नांना आमच्याकडे 'गेटकेन' असे नावच पडले आहे. त्याच पाचव्या पाहणीत बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळिसांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. एक दिवस काम चुकले की 'खाडा' धरला जातो आणि पैसे कापले जातात. पाळी आली तरी खाडा, बाळंतपण आले तरी खाडा. त्यातून पुढचे भीषण प्रकरण घडले. २०१९ मध्ये शासनाच्या समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यानुसार बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती.

हे आकडे पुन्हा वाचा. लोकसंख्येच्या भयाने ग्रासलेल्यांना जे हवे होते ते येथे साध्य झालेले आहे. कायद्याशिवाय, नसबंदीच्या छावणीशिवाय, कुशीच काढून टाकल्या गेल्या आहेत. पृथ्वी वाचली का? बिंदुसरेत पाणी वाढले का? त्या बाईचा पृथ्वीवर भार तरी किती होता! तिच्या कोपीत वीज नसते. तिच्या घागरीत दिवसाला जेवढे पाणी येते तेवढे ऊसाच्या एका सरीला पुरत नाही. तिचे शरीर मोजले गेले, तिचा वाटा मोजला गेला नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचे सार एवढेच आहे: या व्यवस्थेत आमची मोजणी आमच्याविरुद्ध होते, आमच्यासाठी होत नाही.

मोजणी आमच्यासाठी होऊ शकते काय? होऊ शकते, आणि याच महाराष्ट्रात झालेली आहे. येथे 'समुदाय' या दुसऱ्या लाडक्या शब्दाकडे वळले पाहिजे. पर्यावरणवादी म्हणतात, गाव एक झाले की पाणी टिकते. खेड्याबद्दल बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत जे परखड मत मांडले ते आपण विसरलेलो नाही. गाव एक होते तेव्हा ते कुणाच्या शब्दावर एक होते, हे आधी पाहावे लागते. पाणलोटाची कामे झाली, बंधारे झाले, पाणी जिरले, आणि ते ज्याची जमीन त्याच्या विहिरीत वर आले. बंधाऱ्यावर माती टाकणाऱ्या भूमिहीनाला मजुरी मिळाली, पाणी मिळाले नाही. 'समुदायाने पाणी वाचविले' या वाक्यात तो समुदायात होता की मजुरीत?

पण १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्याचे नियम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावेत. पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, माणशी द्यायचे. एका माणसामागे अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क. ऊस घ्यायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. पुढे ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बळिराजा धरण उभारणाऱ्या चळवळीनेही समन्यायी वाटपाचेच तत्त्व पुढे नेले.

हे नियम म्हणजे चर्चासत्रातल्या त्या छायाचित्राला दिलेले उत्तर आहे. तिथेही डोकी मोजली, पण वाटा देण्यासाठी. घरात माणसे आहेत म्हणून पाण्यावर हक्क, असे म्हटले की लोकसंख्या हा शब्द शिवी राहत नाही. शिवाय पाणीही टिकते, कारण ऊसाला 'नाही' म्हणावे लागते आणि अडीच एकरापलीकडे कुणालाच हात पसरता येत नाही. समतेने वाटले की पुरते. पुरते म्हणून टिकते. उलट क्रमाने ते कधीच घडत नाही. हे प्रयोग थोड्या गावांपुरते राहिले, राज्याचे धोरण झाले नाहीत. दोष प्रयोगाचा नाही, नेतृत्वाचा आहे.

आणि नेतृत्वाची चर्चा करताना आपल्याच घरापासून सुरुवात केली पाहिजे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्याने जमीन हा आपल्या राजकारणाचा कणा केला होता. नंतर पक्षाची शकले झाली आणि कणा गेला. पुढे मराठवाड्यात हा प्रश्न गायरानावर टिकून राहिला, तो मोठ्या पुढाऱ्यांमुळे नाही. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील मांग कुटुंबात जन्मलेल्या एकनाथ आवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो गावोगाव लढविला. त्यांचे आत्मकथन आपण शौर्यकथा म्हणून वाचतो. माझ्या मते ते पर्यावरणाचेही पुस्तक आहे. खडकाळ, माळाची, कुणी न विचारणारी जमीन भूमिहीनांनी नांगरून पिकाखाली आणली. त्यात ज्वारी, बाजरी, तूर घेतली. ऊस नाही. पृथ्वीची निगा याहून वेगळी काय असते?

पण त्या जमिनीला अधिकृत भाषेत 'अतिक्रमण' हे नाव आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या कसणाऱ्यांच्या नावे ती करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला, तरी कित्येकांच्या सातबाऱ्यावर नाव चढले नाही. सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात (२०११) सामायिक जमिनींवरील कब्जे हटविण्यास सांगितले, तेव्हा शासकीय अधिसूचनेने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही सांगितला. हटविण्याचा भाग सर्वांना आठवतो, अपवाद कुणाला आठवत नाही. २०२२ च्या अखेरीस राज्यभर गायरानधारकांना नोटिसा गेल्या. २०२३ पासून शेतीपंपांच्या सौर योजनेसाठी गायराने दिली जात आहेत. सूर्याची वीज स्वच्छ आहे, ती हवीच आहे. पण ज्या माळावर भाकरी पिकत होती तोच माळ 'पडीक' म्हणून पाटीखाली जात असेल, तर त्या विजेच्या स्वच्छतेबद्दल प्रश्न विचारावा लागेल.

पवनचक्क्यांचेही तेच. बीडच्या डोंगरमाथ्यांवर त्या फिरू लागल्या तेव्हा जिल्ह्याचे भाग्य फिरेल असे सांगण्यात आले. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीला त्यांनी आडकाठी केली म्हणून, असे आरोपपत्र म्हणते. न्याय न्यायालय करील. आपण एवढेच शिकावे की, ऊर्जा बदलली म्हणून सत्ता बदलत नाही. मुकादमीच्या पायावर उभे राहिलेले राजकारण ऊसातून वाऱ्यात सहज जाते.

आता साहित्याकडे. मराठी निसर्गलेखनाची परंपरा समृद्ध आहे. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने मराठी वाचकाला पाहायला शिकविले, हे ऋण मी मान्य करतो. पण ऊसतोड बाईच्या वर्षात ऋतू दोनच असतात. एक उचल घेतल्यापासून पट्टा पडेपर्यंत, आणि दुसरा पट्टा पडल्यापासून पुढची उचल घेईपर्यंत. हे ऋतुचक्र कोण लिहिणार? प्रस्थापितांकडून ती अपेक्षा नाही. प्रश्न आपल्याला आहे. आपल्या साहित्याने पाण्याला शिवण्याचा हक्क मांडला, तो अजोड आहे. पाण्याचा वाटा मात्र आपण कमी मांडला. धरणाच्या भरावावर राबणारी आणि पाण्याला वंचित राहणारी बाई दया पवारांच्या कवितेत उभी राहिली. तिच्या मागे रांग लागायला हवी होती, ती लागली नाही. आपली आत्मकथने गाव सोडून शहरात आली आणि बहुधा तिथेच थांबली. मागे राहिलेल्यांचे गायरान, खाडा, कोपी, काढलेली पिशवी हे सारे अजून आपल्या समीक्षेच्या परिभाषेत यायचे आहे. वेदना आणि विद्रोह यांच्या जोडीला 'वाटा' हा शब्दही दलित साहित्याच्या मूल्यविचारात आला पाहिजे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बदलले, हे आपण जाणतो. म्हातारा, आजारी, प्रेत ही जुनी कथा त्यांनी बाजूला ठेवली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा तिथे आणला. सिद्धार्थ म्हणाला, युद्ध नको. दोन आपले, दोन त्यांचे, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा असे पंच बसवा. बहुमत त्याच्या विरोधात गेले. म्हणजे आपल्या धम्माच्या उगमाशीच पाण्याचे समन्यायी वाटप आहे. नेतृत्वाची कसोटीही तिथेच आहे: बहुमत हातात नसताना वाटणीची गोष्ट बोलण्याचे धैर्य.

पालीच्या मावशीला यातले काही ठाऊक नाही. ती पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा फडात गेली. पुढच्या चर्चासत्रात पुन्हा कुणी टँकरचे छायाचित्र दाखवील. त्या वेळी सभागृहात आपल्यापैकी एकाने तरी उठून विचारावे: या चित्रात नसलेली माणसे दाखवा. नळवाली, बोअरवाली, कारखानेवाली. त्यांनाही मोजा. आणि मोजून झाले की मग वाटणीला बसू.